सेवेची सीमा कोठे आखावी : मोनोलिथचे विभाजन आणि डोमेन-ड्रिव्हन डिझाइन

बँका, विमा कंपन्या, जहाजवाहतूक कंपन्या, रुग्णालये आणि सरकारी खाती यांचा रोजचा कारभार ज्या संगणकप्रणालींवर चालतो, त्यांपैकी पुष्कळशा प्रणाली वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिल्या गेल्या आणि तेव्हापासून सतत वाढत आल्या आहेत. सर्व कामांचा कोड एकत्र, सर्व माहिती एकाच डेटाबेसमध्ये आणि नवी आवृत्ती चालू करायची तर संपूर्ण प्रणालीचीच करायची, अशा बांधणीच्या सॉफ्टवेअरला मोनोलिथ म्हणतात. ही बांधणी मुळातच सदोष आहे असा समज अलीकडे रूढ झाला आहे, पण तो खरा नाही. लहान गटाने लिहिलेल्या प्रणालीसाठी ती सर्वांत सोयीची ठरते, कारण तिच्या एका भागाला दुसऱ्या भागाकडून काम करून घ्यायचे असेल तर साधा फंक्शन कॉल पुरतो, आणि चार टेबलांतील नोंदी एकदम बदलायच्या असतील तर डेटाबेस ते काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल होतील किंवा एकही होणार नाही अशा हमीने, पार पाडतो. अडचण पुढे उभी राहते. प्रणालीवर काम करणाऱ्यांची संख्या दहाची दोनशे होते, बिलाच्या हिशेबात केलेला बदल मालाच्या नोंदणीत अनपेक्षितपणे उमटतो, दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी सगळी प्रणाली पुन्हा तपासावी लागते, आणि या धास्तीने नव्या आवृत्त्यांमधील अंतर वाढत जाते. तेव्हा प्रणालीचे भाग वेगळे करण्याचा विचार सुरू होतो.

जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे या विचाराला मायक्रोसर्व्हिस हे नाव सर्वत्र रुळले. प्रत्येक सेवा लहान, एका व्यावसायिक कामाभोवती बांधलेली, आपली माहिती आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवणारी आणि इतर सेवांना न थांबवता स्वतंत्रपणे बदलता येणारी असावी, असे त्याचे थोडक्यात स्वरूप सांगता येते. या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण नेटफ्लिक्सचे आहे. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेसमधील मोठ्या बिघाडामुळे या कंपनीला तीन दिवस ग्राहकांकडे डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, आणि त्यानंतर तिने आपली प्रणाली अनेक सेवांच्या रूपात नव्याने बांधत अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नेली. हे काम जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. या उदाहरणातील सेवांची संख्या आणि तिथली तंत्रे यांची चर्चा खूप होते, पण मुबलक साधने आणि निवडक अभियंते हाताशी असूनही त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागला, ही त्यातील सर्वांत बोधक गोष्ट मागे पडते. सेवा कशी चालवावी, तिच्या प्रती कशा वाढवाव्यात, एखादी बंद पडली तर दुसरी कशी उभी करावी या प्रश्नांची उत्तरे डॉकर आणि कुबरनेटिस यांसारखी साधने देतात. एक सेवा कोठे संपावी आणि दुसरी कोठे सुरू व्हावी, याचे उत्तर मात्र त्यांपैकी एकाही साधनाजवळ नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच सीमेचा प्रश्न आहे, आणि तो सुटला नाही तर उरलेली सर्व तांत्रिक मेहनत वाया जाते, अशी या विवेचनामागची ठाम धारणा आहे.

प्रश्न मायक्रोसर्व्हिसच्या बराच आधीचा आहे. डेव्हिड पार्नस यांनी डिसेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शब्दसूची तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम दोन प्रकारे विभागून दाखवला. पहिल्या प्रकारात कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडले होते : ओळी वाचणे, त्यांतील शब्द फिरवून नव्या ओळी करणे, त्या वर्णानुक्रमे लावणे आणि छापणे. दुसऱ्या प्रकारात, पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका भागाने स्वतःपाशी झाकून ठेवावा, अशी योजना होती. ओळी स्मृतीत कोणत्या रूपात साठवायच्या हा निर्णय बदलला तर पहिल्या रचनेत जवळजवळ सर्व भागांना हात लावावा लागतो, दुसऱ्या रचनेत केवळ एकाला. विभाजनाचा निकष 'काम कोणत्या क्रमाने होते' हा नसून 'काय बदलू शकते' हा असावा, हे पार्नस यांचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे. तथापि, व्यवसायाच्या प्रणालीत कोणत्या गोष्टी एकत्र बदलतात आणि कोणत्या वेगवेगळ्या कारणांनी बदलतात, हे कोड पाहून कळत नाही, ते त्या व्यवसायातच शोधावे लागते. एरिक इव्हान्स यांच्या २००३ सालच्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या ग्रंथाचे महत्त्व येथे लक्षात येते.

डोमेन म्हणजे ज्या व्यवहारासाठी सॉफ्टवेअर लिहिले जाते तो व्यवहार, त्यातील नियम, रूढी, अपवाद आणि तो करणाऱ्या माणसांचे ज्ञान यांसह. सॉफ्टवेअरची खरी कठीणता या ज्ञानात असते, म्हणून प्रणालीची रचना त्याच्याच आकाराची असावी, हा इव्हान्स यांचा मूळ सिद्धांत आहे. त्यासाठी त्यांनी ज्या संकल्पना मांडल्या त्यांपैकी पहिली युबिक्विटस लँग्वेज, म्हणजे व्यवहारातील जाणकार आणि प्रोग्रॅमर यांची एकच सामाईक भाषा, जी बैठकीत बोलली जाते, कागदपत्रांत लिहिली जाते आणि कोडमध्येही तशीच उतरते. या ग्रंथातील एक उदाहरण लहान असले तरी फार मोलाचे आहे. आयत्या वेळी नोंदण्या रद्द होतात म्हणून जहाजवाहतूक कंपन्या क्षमतेपेक्षा अधिक माल नोंदवून घेतात; ग्रंथातील कंपनी दहा टक्के अधिक घेते. कोडमध्ये हा नियम क्षमतेला १.१ ने गुणणाऱ्या एका ओळीत दडलेला असतो. प्रोग्रॅमरला ती ओळ दिसते, पण तिच्यामागचे धोरण दिसत नाही. जाणकाराला धोरण ठाऊक असते, पण ते प्रणालीत कोठे आहे हे त्याला कळत नाही. इव्हान्स हा नियम बाहेर काढून त्याला 'अतिनोंदणी धोरण' या अर्थाचे नाव असलेला स्वतंत्र वर्ग देतात, आणि मग दोघेही एकाच गोष्टीकडे बोट दाखवून चर्चा करू शकतात. जुन्या मोनोलिथमध्ये अशा १.१ सारख्या ओळी हजारोंनी असतात, आणि स्थलांतराच्या कामाचा मोठा भाग त्या ओळखण्यातच जातो.

दुसरी संकल्पना बाउंडेड कॉन्टेक्स्ट ही आहे. तिला संदर्भसीमा म्हणता येईल, आणि मोनोलिथच्या विभाजनात सर्वाधिक उपयोगी पडते ती हीच. सामाईक भाषा संपूर्ण संस्थेसाठी एकच असू शकत नाही, ती एका ठरावीक सीमेच्या आतच एकार्थी राहते, असे ती सांगते. जहाजवाहतुकीचेच उदाहरण पुढे नेले तर हे स्पष्ट होते. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला माल पाठवू इच्छिणारा निर्यातदार चाळीस फुटी दोन कंटेनर मागतो, तेव्हा नोंदणी विभागाच्या दृष्टीने कंटेनर म्हणजे केवळ आकार, प्रकार आणि नग. प्रत्यक्ष लोखंडी पेटी अजून ठरलेलीच नसते. रिकाम्या कंटेनरांचा साठा सांभाळणाऱ्या विभागात तोच शब्द चार अक्षरे आणि सात अंक अशा क्रमांकाची एक विशिष्ट पेटी दाखवतो, जिची मालकी, दुरुस्ती आणि सध्याचे ठिकाण यांची नोंद असते. जहाजावर रचना करणाऱ्याला कंटेनरचे वजन, त्यातील माल धोकादायक आहे की नाही आणि त्याला शीतकरणासाठी विजेची जोडणी लागते की नाही, एवढेच हवे असते. सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्याला सील, आतील माल आणि त्याचा वर्गीकरण क्रमांक महत्त्वाचा वाटतो. आणि बिल विभागाला कंटेनर दिसतो तो मोफत दिवस संपल्यावर आकारल्या जाणाऱ्या डिटेन्शनच्या रूपात. हे पाच विभाग एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत असे वाटते, तरी त्यांच्या बोलण्यातील कंटेनर पाच आहेत. मोनोलिथमध्ये बहुधा या पाचांचे एकच टेबल केलेले असते, ज्यातील बहुतेक रकाने बहुतेक विभागांच्या दृष्टीने निरर्थक असतात आणि तरीही एका विभागाने केलेला बदल उरलेल्या चौघांना बाधतो.

याचा त्रास किती खोलवर जातो हे वजनाच्या नियमावरून समजते. समुद्रावरील सुरक्षिततेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारातील दुरुस्तीनुसार १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन सादर केल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. या वजनात माल, त्याचे वेष्टन, आतील आधाराचे सामान आणि खुद्द रिकाम्या कंटेनरचे वजन हे सर्व धरले जाते. उलट बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल स्वीकारल्याच्या पावतीवर, जे वजन लिहिले जाते ते मालाचे आणि वेष्टनाचे असते. 'वजन' नावाचा एकच रकाना असलेल्या प्रणालीत नवा आकडा त्या रकान्यात लिहिला तर कागदपत्रे चुकतात, आणि न लिहिला तर जहाजावरील रचना चुकते. जिथे संदर्भसीमा नीट आखलेल्या असतात तिथे हा नियम जहाजभरणीच्या संदर्भात प्रवेश करतो, त्याच्यासाठी एक स्वतंत्र आणि स्वतःच्या अर्थाचे वजन तिथे निर्माण होते, आणि बिल विभागाच्या कोडला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. पार्नस यांचा १९७२ चा निकष आणि इव्हान्स यांची संदर्भसीमा यांचे नाते अशा प्रसंगी प्रत्यक्ष दिसते : बाहेरच्या जगातील एक बदल, आतील एकाच भागात सामावलेला.

म्हणून मायक्रोसर्व्हिसची सीमा संदर्भसीमेच्या आत कोठे तरी किंवा तिच्यावरच पडावी, ती ओलांडून नव्हे, असा सर्वसाधारण नियम सांगता येतो. हा नियम न पाळता केलेल्या विभाजनाचे दोन प्रकार विशेष आढळतात. एकात तांत्रिक थरांप्रमाणे तुकडे पडतात, म्हणजे पडद्यावरील माहितीची एक सेवा, नियमांची दुसरी आणि डेटाबेसशी बोलणारी तिसरी; त्यामुळे कोणताही व्यावसायिक बदल तिन्ही सेवांतून जातो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण तो नीटनेटका दिसतो : डेटाबेसमधील मुख्य टेबले घेऊन प्रत्येकाची एक सेवा केली जाते, ग्राहक सेवा, कंटेनर सेवा, दर सेवा, आणि नोंदणीसारखे एक काम करण्यासाठी या सर्वांना आळीपाळीने विचारावे लागते. पूर्वी जो फंक्शन कॉल होता तो आता नेटवर्कवरून जातो, त्याला उशीर होऊ शकतो, तो हरवू शकतो, किंवा त्याचे उत्तर न आल्यामुळे काम झाले की नाही हेच समजत नाही. एक सेवा बदलली की इतर चार तिच्याबरोबरच बदलून एकाच दिवशी चालू कराव्या लागतात. अशा प्रणालीला वितरित मोनोलिथ म्हणतात. तिच्यात मोनोलिथची सर्व बंधने राहतात आणि त्याने दिलेली ट्रान्झॅक्शनची हमी तेवढी जाते.

ट्रान्झॅक्शनच्या या प्रश्नाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे, कारण अनुभवी डेटाबेस तज्ज्ञांचा मायक्रोसर्व्हिसवरील मुख्य आक्षेप तोच आहे आणि तो रास्त आहे. इव्हान्स यांनी अ‍ॅग्रिगेट ही संकल्पना मांडून त्याचे उत्तर सुचवले होते. ज्या नोंदी प्रत्येक क्षणी परस्परांशी सुसंगत असल्याच पाहिजेत, त्यांचा एक समुच्चय करावा, त्यात बदल एकाच प्रमुख नोंदीच्या द्वारे व्हावा आणि ट्रान्झॅक्शनची कक्षा तेवढीच ठेवावी. एका जलप्रवासावर किती माल नोंदवला गेला आणि अतिनोंदणीची मर्यादा ओलांडली का, हे तत्काळ आणि अचूक कळले पाहिजे. त्या नोंदणीचे बिल तयार व्हायला काही मिनिटे लागली तरी व्यवसायाचे नुकसान होत नाही. जिथे अनेक सेवांतून जाणारे काम अर्ध्यावर फसू शकते तिथे सागा ही पद्धत वापरली जाते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये डेटाबेसमधील दीर्घकाळ चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनसाठी ती मांडली होती. तिच्यात कामाची प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पक्की केली जाते आणि पुढची पायरी फसल्यास आधीच्या पायऱ्यांची भरपाई करणारी उलट कामे केली जातात. नोंदणी रद्द झाली तर अग्रिम परत करणे, राखलेली जागा मोकळी करणे ही अशी भरपाईची कामे होत. ती कोणती असावीत हे प्रोग्रॅमर ठरवू शकत नाही. रद्द केल्याचे शुल्क घ्यायचे का, कोणाकडून आणि किती, हा व्यवसायाचा निर्णय आहे, आणि तो विचारला गेला की असे अनेकदा आढळते की जुन्या प्रणालीच्या ट्रान्झॅक्शनने तो प्रश्न कधी कोणाला पडूच दिला नव्हता.

संदर्भसीमा शोधायच्या कशा? इटालियन सल्लागार अल्बर्टो ब्रँडोलिनी यांनी २०१३ च्या सुमारास इव्हेंट स्टॉर्मिंग या नावाने रूढ केलेली पद्धत त्यासाठी बरीच वापरली जाते. व्यवहारातील जाणकार आणि प्रोग्रॅमर लांबलचक भिंतीवर कागद लावून त्यावर घडून गेलेल्या घटना, जसे 'नोंदणी स्वीकारली गेली', 'कंटेनर डेपोतून बाहेर पडला', 'सील तुटलेले आढळले', काळाच्या क्रमाने चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवतात. जिथे दोन विभागांचे लोक एकाच घटनेला वेगळी नावे देतात, किंवा एकाच नावावरून वाद घालतात, तिथे बहुधा एक सीमा असते. मात्र भिंतीवरील चिठ्ठ्या माणसांना आठवते तेवढेच सांगतात. जुन्या मोनोलिथमध्ये त्याहून अधिक असते : कोणत्या बंदरासाठी वेगळा अपवाद आहे, कोणत्या ग्राहकाशी पंधरा वर्षांपूर्वी कोणती सवलत ठरली होती, कोणत्या कायद्यासाठी कोणती तपासणी घातली. ज्यांनी ते नियम घातले ते निवृत्त झालेले असतात आणि नियम कोडमध्ये जिवंत असतात. जुना कोड कुरूप आहे म्हणून न वाचताच टाकून देणारा गट संस्थेचे ज्ञान टाकून देत असतो, आणि ते पुढे तक्रारींच्या रूपाने एकेक करून परत शिकावे लागते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या मुद्द्याला एक खास बाजू आहे. पुणे आणि मुंबई येथील कितीतरी अभियंते युरोप-अमेरिकेतील बँकांच्या, विमा कंपन्यांच्या आणि वाहतूक कंपन्यांच्या जुन्या प्रणाली बदलण्याच्या कामात आहेत. त्या व्यवहाराचा जाणकार हजारो मैल दूर असतो, त्याचे म्हणणे व्यवसाय विश्लेषकाच्या दस्तऐवजातून आणि मग तिकिटातून अभियंत्यापर्यंत पोहोचते, आणि प्रत्येक टप्प्यावर शब्दांतील बारकावे झिजतात. अशा व्यवस्थेत डोमेन-ड्रिव्हन डिझाइनच्या संज्ञा पाठ असणे सोपे असते, त्याचा प्राण असलेला संवाद मिळणे अवघड. तरीही याच गटांना जुना कोड वर्षानुवर्षे सांभाळल्यामुळे ग्राहक संस्थेतील अनेकांपेक्षा तिचे नियम अधिक ठाऊक असतात. या ज्ञानाची त्यांना स्वतःला किंमत वाटावी आणि सीमा आखण्याच्या चर्चेत त्यांनी ते अधिकाराने मांडावे, हे फार आवश्यक आहे.

प्रत्येक भागावर सारखेच श्रम घ्यावेत असे इव्हान्स यांनी कोठेही म्हटलेले नाही. ज्यामुळे संस्था इतरांहून वेगळी ठरते तो भाग गाभ्याचा, कोअर डोमेन. त्याला आधार देणारे भाग साहाय्यक. आणि लॉगिन, ईमेल पाठवणे, लेखापुस्तक यांसारखे सर्वत्र सारखे असणारे भाग सर्वसामान्य. सर्वसामान्य भाग विकत घेता येतात. उत्तम अभियंते आणि जाणकारांचा मौल्यवान वेळ गाभ्यासाठी राखावा. पहिली सेवा वेगळी करताना मात्र गाभ्याच्या सर्वांत गुंतलेल्या भागाला हात घालणे धोक्याचे असते. ज्याच्या सीमा स्पष्ट आहेत आणि ज्याचे काम व्यवसायाला जाणवेल इतपत महत्त्वाचे आहे असा भाग आधी घेणे हितकर ठरते.

प्रत्यक्ष स्थलांतर एका रात्रीत जुनी प्रणाली बंद करून नवी चालू करण्याने क्वचितच यशस्वी होते. फाउलर यांनी २००४ मध्ये त्याला पर्याय म्हणून मांडलेली कल्पना त्यांना ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वर्षावनात सुचली. तेथे वडाच्या कुळातील झाडे दुसऱ्या झाडाच्या फांद्यांत रुजतात, मुळे जमिनीपर्यंत सोडतात आणि अनेक वर्षांनी मूळ झाडाची जागा घेतात. सॉफ्टवेअरमध्ये याचा अर्थ असा की येणाऱ्या सर्व मागण्या आधी एका मध्यस्थ थरातून जाव्यात, त्याने नव्या सेवेकडे गेलेले काम तिच्याकडे आणि उरलेले मोनोलिथकडे वळवावे, आणि हे प्रमाण हळूहळू बदलत जावे. या मधल्या काळात नव्या सेवेला जुन्या प्रणालीशी बोलावे लागतेच, आणि जुन्या टेबलांतील नावे, सांकेतिक क्रमांक आणि गैरसमज तिच्यात शिरण्याचा मोठा धोका असतो. तो टाळण्यासाठी इव्हान्स यांनी अँटिकरप्शन लेयर सुचवला आहे : दोन प्रतिरूपांच्या मधला अनुवाद करणारा थर, जो जुन्या 'स्थिती क्रमांक ७' चे नव्या संदर्भातील 'बंदरात अडकलेला कंटेनर' असे रूपांतर करतो. हा थर लिहिणे कंटाळवाणे असते आणि वेळापत्रक ताणले की पहिली काटछाट त्याचीच होते. पण तो वगळला की नवी सेवा जन्मतःच जुन्या टेबलांशी बांधली जाते.

सीमा कोडमध्ये आखली आणि माणसांची विभागणी जुनीच ठेवली तर ती फार काळ टिकत नाही. संस्था ज्या प्रणाली घडवते त्यांची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण प्रत्येक मोठ्या स्थलांतरात पुन्हा खरे ठरते. म्हणून एका संदर्भाची जबाबदारी एकाच गटाकडे असणे ही तांत्रिक बाबीइतकीच महत्त्वाची बाब आहे. सेवा आधी आणि सीमा नंतर असा क्रम घडला तर काय होते, हे उबरच्या उदाहरणात दिसते. २०२० मध्ये या कंपनीने आपल्या सुमारे २,२०० महत्त्वाच्या मायक्रोसर्व्हिसची ७० डोमेनमध्ये पुनर्रचना केल्याचे जाहीर केले, कारण एका साध्या बदलासाठी अनेक गटांच्या अनेक सेवांमधून वाट काढावी लागत होती. याच्या उलट शॉपिफायने आपला मोठा मोनोलिथ न तोडता त्याच्या आतच व्यावसायिक घटकांच्या सीमा पक्क्या करण्याचा मार्ग निवडला. त्याला मॉड्युलर मोनोलिथ म्हणतात, आणि अनेक मध्यम आकाराच्या संस्थांना तेवढे पुरेसे असते, कारण संदर्भसीमा पाळण्यासाठी नेटवर्कची गरज नसते. स्वतंत्रपणे चालू करणे, स्वतंत्रपणे वाढवणे किंवा बिघाड वेगळा ठेवणे यांपैकी एखादी निकड असेल तरच त्या सीमेवर वेगळी सेवा उभी करण्याचा खर्च सार्थ होतो.

स्थलांतराचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा टप्पा म्हणजे माहितीची मालकी बदलणे. नवी सेवा चालू झाली तरी जुनी टेबले पुष्कळ काळ जागीच असतात, कारण महिन्याचे अहवाल, लेखापरीक्षणाच्या याद्या, रात्री चालणारे बॅच जॉब आणि शेजारच्या विभागाने कधीतरी परस्पर लिहिलेल्या क्वेऱ्या त्यांच्यावरच अवलंबून असतात. अशा काळात एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली जाते, आणि दोहोंपैकी कोणती खरी हे स्पष्टपणे ठरलेले नसेल तर दोन्हींवरील विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक नोंदीचा एकच मालक संदर्भ ठरवावा, लेखनाचा अधिकार फक्त त्याच्याकडे असावा, आणि इतरांनी त्याने प्रसिद्ध केलेल्या घटनांवरून स्वतःपुरती वाचनाची प्रत ठेवावी. जुन्या टेबलाचे वाचक कोण आहेत याची यादी करून त्यांतील एकेकाला नव्या वाटेवर आणावे लागते. त्या यादीतील शेवटचे नाव बहुधा वर्षातून एकदाच, मार्चअखेरीला, चालणाऱ्या एखाद्या अहवालाचे असते, आणि तो अहवाल नव्या सेवेवरून एकदा बरोबर निघेपर्यंत त्या संदर्भाचे स्थलांतर पूर्ण झाले असे धरता येत नाही.